घरचंच तर आहे

५ जानेवारी

डॉक्टर तबस्सुम म्हणाल्या, रोज लिहायचं. भीती वाटली तर ती छातीत वाटली, पोटात वाटली की मांड्यांत, तेही लिहायचं. मला दाखवू नकोस, कुणालाच दाखवू नकोस. म्हणून ही वही. दहावीनंतर मी गिऱ्हाइकांच्या वेळा सोडून काही लिहिलेलं नाही.

तर लिहिते. मी कामिनी, वय एकतीस. जळगावात घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर आहे. लग्नाला सहा वर्षं झाली आणि माझा नवऱ्याशी अजून एकदाही संबंध आलेला नाही.

हे वाक्य लिहून मी उठले आणि दाराला कडी लावून आले.

हितेंद्र वाईट नाहीत. ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवतात, मोजकं बोलतात, कधी जबरदस्ती केली नाही. ते जवळ आले की माझंच अंग लाकडासारखं होतं, पाय आपोआप मिटतात, श्वास अडकतो. दिवसभर मी बायकांचे हातपाय, पाठी, गळे हाताळते, कुणी संकोचलं तर हसवते. आणि माझ्या अंगाला हात लागला की मी तिथे नसतेच. या आजाराला नाव आहे, तो बरा होतो, असं डॉक्टर म्हणाल्या तेव्हा मला पहिल्यांदा हायसं वाटलं.

त्यांनी विचारलं, कधीपासून. मी अक्काचं सांगितलं. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. मी चौदा वर्षांची होते, तिचे दिवस भरले होते, आणि सावद्याहून तिला जीपमध्ये घालून जळगावला आणलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. नशिराबादपर्यंत सीटवरून रक्त उतरत माझ्या चपलेत आलं. बाळ गेलं. अक्काची पिशवी काढली. अक्का वाचली, एवढंच घरात सगळे म्हणत राहिले, की वाचली.

माझ्या डोक्यात बाळंतपण म्हणजे ती जीप. डॉक्टर म्हणाल्या, तुझ्या अंगाने तेव्हाच दार लावून घेतलंय.

८ जानेवारी

आज जे ऐकलं त्याने अजून कानशिलं गरम आहेत.

डॉक्टर म्हणाल्या, व्यायाम आणि समुपदेशन चालू ठेवायचंच, पण तुम्हाला मूल हवं असेल तर त्यासाठी अडून बसायला नको. घरीच करता येतं. नवऱ्याचं वीर्य, बिनसुईची सिरिंज, आणि तुझ्या हाताने तू. कुणी जवळ यायचंसुद्धा नाही.

मी म्हटलं, मॅडम, आमच्या सावद्याला म्हशींना करतात तसं? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, तसंच समज, फक्त तू म्हैस नाहीस, तुझी इच्छा असेल तरच. आणि आधी तुझ्या नवऱ्याची तपासणी. त्याचा रिपोर्ट मला दाखवायचा.

मला मूल हवं आहे का? हवं आहे. मला फक्त ते होणं नको आहे. पोट वाढणं, ती खोली, ते रक्त नको आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

९ जानेवारी

हितेंद्रना सांगितलं. घास हातात तसाच राहिला. मग म्हणाले, घरी? असं असतं? मी कान लाल करून सगळं समजावलं. जेवण झाल्यावर म्हणाले, बघू, पुढच्या आठवड्यात कंपनीच्या मीटिंगला नाशिकला जायचंय, तपासणी तिथेच करतो, इथे सगळे ओळखीचे.

१७ जानेवारी

नाशिकहून आले. "सगळं व्यवस्थित आहे," म्हणाले. मी विचारलं, रिपोर्ट? म्हणाले, डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवतो, कागद कशाला फिरवायचे.

जेवले नाहीत. गच्चीवर जाऊन बराच वेळ आईशी फोनवर बोलले. खाली आले तेव्हा डोळे सुजलेले. बिचारे, लॅबमध्ये तसलं काही करावं लागलं त्याची लाज वाटत असेल. मला म्हणाले, आईला मी सांगून टाकलं, तुझी काही चूक नाही म्हणून.

सहा वर्षांत हे पहिल्यांदा. सासूबाई धुळ्याला धाकट्या दिराकडे, भूषणकडे राहतात. दर सणाला मला कुठल्या ना कुठल्या देवाला नेतात आणि परत आल्यावर बायकांसमोर म्हणतात, झाडच वांझ तर पाणी घालीसन काय. हितेंद्र तेव्हा पेपर वाचत बसायचे. आज ते माझ्या बाजूने बोलले. मी त्यांच्या पाठीला पाठ लावून झोपले. भीती छातीत होती, पण कमी.

११ फेब्रुवारी

सासूबाई आल्या होत्या. डिंकाचे लाडू, खारीक, तुपाची बरणी. मला काम करू देईनात. जाताना डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आते काही चिंता करू नको. बठ्ठं चांगलं व्हयी." सगळं चांगलं होईल, हे त्यांच्या तोंडून ऐकून मी पदराने डोळे पुसले. माणूस बदलू शकतो.

व्यायाम रोज करतेय. डॉक्टर म्हणतात, छान प्रगती आहे. रिपोर्टचं त्यांनी पुन्हा विचारलं. मी हितेंद्रना आठवण केली, म्हणाले, पाठवला की, त्यांच्याकडे ढीगभर येतात, दिसला नसेल.

२० फेब्रुवारी

केलं.

हितेंद्र म्हणाले, मला घरात जमणार नाही, दुकानाच्या गोडाऊनमधून घेऊन येतो. पाच मिनिटांवर तर आहे. डबी रुमालात गुंडाळून, शर्टाच्या आत धरून आणली आणि माझ्या हातात देऊन लगेच बाहेर गेले. बसलेसुद्धा नाहीत.

मी पलंगावर पडून करायला गेले आणि हसायला आलं, मग रडायला आलं. पण जमलं. भीती मांड्यांत होती, आणि गेली. पाय उशीवर ठेवून पंख्याकडे बघत पडून राहिले. हे त्यांचं आहे, असं मनात म्हणत राहिले. सहा वर्षांत हितेंद्र माझ्या इतके जवळ कधी नव्हते.

भूषण आला होता दुकानातलं काही सामान न्यायला, पण घरी जेवायला आला नाही. एरवी आला की आधी स्वयंपाकघरात, वहिनी काय केलंय. आज बाहेरूनच गाडी वळवली. त्याचं कुठेतरी जमलेलं दिसतंय, म्हणून लाजतोय.

६ मार्च

पाळी आली. हितेंद्रना सांगितलं तर भिंतीला टेकून उभे राहिले. म्हणाले, म्हणजे परत करावं लागणार. मी म्हटलं, असं काय म्हणता, माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त त्रास झाल्यासारखं.

१९ मार्च

हे लिहू का? लिहिते. डॉक्टर म्हणाल्या, आता तू तयार आहेस, तुझं तुला कळेल. आणि मला कळलं. आज मी स्वतः होऊन हितेंद्रच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि म्हटलं, उद्या सिरिंज नको. आपण दोघंच.

मला वाटलं, उचलून घेतील.

ते ताडकन उठले. माठातलं पाणी प्यायले, पुन्हा एक तांब्या प्यायले. म्हणाले, नाही नाही, डॉक्टरांनी सांगितलंय तेच करू, उगाच मध्ये खंड नको. मी म्हटलं, अहो, डॉक्टरच म्हणाल्या. तर म्हणाले, "मी सगळी तयारी केलीय, कामिनी. उद्याचा दिवस जाऊ दे. मग तू म्हणशील तसं."

कसली तयारी? डबी आणि रुमाल?

इतकी वर्षं मी दार लावून बसले होते. आज उघडलं तर माणूस बाहेरच उभा.

२० मार्च

डबी आणली. रागात केलं. भूषण आज पण जळगावात होता म्हणे, मला दिसला नाही.

२२ मार्च

दुपारी लाइट गेली. पार्लरमध्ये उकाडा, म्हणून पाटी फिरवली आणि आत आले. हितेंद्र जेवायला आलेले. खिडकी लावली होती, खोलीत अर्धा उजेड. मी त्यांच्या शेजारी जाऊन पडले आणि त्यांचा हात ओढून घेतला.

दुखलं थोडं. जीप आठवली, पण लांबून, दुसऱ्या कुणाची असावी तशी. मग ती गेली.

नंतर हितेंद्र रडले. माझ्या गळ्यात तोंड खुपसून, लहान मुलासारखे. मी पाठ थोपटत राहिले. मला वाटलं, सहा वर्षं थांबल्याचं रडू आहे.

मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

८ एप्रिल

दोन रेघा.

सकाळपासून तीनदा जाऊन बघितल्या. पुसट नाहीत, चांगल्या ठळक आहेत. एका नवरीचा मेकअप होता, तिच्या पापण्या लावताना माझेच डोळे भरून येत होते. ती म्हणाली, ताई, मी सासरी चाललेय, तुम्ही का रडताय.

भीती वाटली का? वाटली. पोटात. पण तिच्या शेजारीच दुसरं काहीतरी बसलं होतं, आणि ते मोठं होतं.

हितेंद्रना सांगितलं. मी म्हटलं, हे सिरिंजचं नाही, हे त्या दुपारचं आहे, मला माहीत आहे, बाईला कळतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो."

१२ एप्रिल

जे झालं तेवढंच लिहिते.

भूषण पेढे घेऊन आला. त्याचं खरंच ठरलंय, आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की साखरपुडा, मुलगी अमळनेरची. मी चहा टाकला. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, पूर्वी राहायचा तसा, आणि मला बरं वाटलं.

म्हणाला, "वहिनी, एकदाच बोलतो, परत कधी बोलणार नाही. आता झालंय ना सगळं चांगलं, तर मी मनातून काढून टाकलंय. तुम्ही पण काढून टाका. मी त्याचा काका. बास."

मी म्हटलं, काकाच ना रे तू, मग दुसरं काय.

त्याने सुटल्यासारखा श्वास सोडला. म्हणाला, "तुमचा मोठेपणा आहे. दादा म्हणाला होता, कामिनीनेच सांगितलं, बाहेरच्या माणसाचं नको, घरचं असेल तर चालेल. मला तर दोन्ही वेळा त्या गोडाऊनमध्ये मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आई म्हणे, वहिनी एवढी धीराची आहे आणि तू..."

मी साखरेचा डबा हातात घेऊन उभी होते. शब्द कळत होते. गोडाऊन. दोन्ही वेळा. घरचं. वेगवेगळे कळत होते, एकत्र होत नव्हते. मी विचारलं, "काय घरचं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडाचा रंग गेला. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी मान हलवली असेन. तो तिथेच फरशीवर बसला. दोन्ही हात डोक्यावर. मग उठला आणि गेला. चपला तशाच दारात राहिल्या.

मी चहा गाळला. दोन कप. का गाळला?

१३ एप्रिल

काल लिहिल्यानंतर मी न्हाणीघरात जाऊन अंगावर पाणी घेत राहिले, टाकी संपेपर्यंत. आत कुठे पाणी पोचतं?

हितेंद्र आला तेव्हा त्याला कळलेलं होतं, भूषणने फोन केला असणार. खुर्चीवर बसला, पार्लरमधल्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर, आणि आरशात माझ्याकडे न बघता बोलला. नाशिकला लॅबवाल्याने सांगितलं, शुक्राणू एकही नाही. थोडे, कमी, अशक्त असं काही नाही, एकही नाही. त्याच संध्याकाळी त्याने आईला सांगितलं. उपाय आईने काढला.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं.

"तू सोडून जाशील असं वाटलं."

मी म्हटलं, सहा वर्षं तुम्ही नाही गेलात मला सोडून.

त्यावर त्याने जे म्हटलं ते मी जसंच्या तसं लिहून ठेवते. "सगळे तुलाच बोलायचे, कामिनी. माझ्याकडे कुणी कधी बोट दाखवलं नाही. मला त्याची सवय झाली होती."

आणि ती दुपार? मी म्हटलं हे त्या दुपारचं आहे, तेव्हा तुम्ही हो म्हणालात.

म्हणाला, तुला किती आनंद झाला होता.

त्या दुपारी तो कशासाठी रडला हे मला आज कळलं. मी पाठ थोपटत होते. मला कुणी विचारलं, तुझ्यावर कुणी जबरदस्ती केली का, तर काय सांगू? माझ्याच हाताने केलं. डबी हातात देऊन तो बाहेर गेला, आणि मी माझ्या हाताने, मनात त्याचं नाव घेत, भूषणला. भूषणला, ज्याला मी दर भाऊबीजेला भावासारखं ओवाळलं होतं.

उलटी झाली. दिवस गेल्यामुळे झाली की यामुळे, ते समजत नाही.

१४ एप्रिल

सकाळच्या गाडीने सासूबाई. मला वाटलं, पाया पडतील निदान, रडतील. त्या शांत होत्या. भाजी घेऊन आल्या होत्या, गवारीच्या शेंगा मोडत बसल्या. मी समोर उभी राहिले तर म्हणाल्या, "घरनंच शे ना. भायेरनं थोडंच शे. रगत आपलंच."

मी म्हटलं, मला विचारायचं होतं.

"तुले कळाले नको व्हतं. कळनं नसतं ते बठ्ठं सुखनं चालतं." आणि शेंगेचे दोर लागलेला हात पुसून त्यांनी माझ्या पोटावर ठेवला. मला हात न लावता, फक्त पोटाला.

त्या वाईट बाई आहेत असं मला वाटलं नाही, तेच भयंकर होतं. त्यांना खरंच कळत नव्हतं मी कशाबद्दल बोलतेय.

मी बॅग भरली. हितेंद्र दारात उभा होता, बाजूला झाला.

१६ एप्रिल, सावदा

अक्काकडे आले. आईला आणि दादांना, म्हणजे वडिलांना, अजून सांगितलेलं नाही, ते पलीकडच्या गल्लीत राहतात, त्यांना वाटतंय मी आखाजीसाठी लवकर आले. अक्काचे यजमान, अमृतभावजी, केळीच्या गाड्या भरायला पहाटेच जातात. घरात आम्ही दोघीच.

अक्का पोळ्या लाटत होती. मी सगळं सांगितलं. ती थांबली नाही, लाटत राहिली, डब्यातलं पीठ संपलं तरी नुसतं लाटणं फिरवत राहिली.

मग म्हणाली, "तुले विचारलं व्हतं का कोनी?"

नाही, मी म्हटलं.

"मले बी नव्हतं विचारलं." मला आधी कळेना. "पिशवी काढली तवा. मी शुद्धीवर व्हती. डॉक्टर भायेर यांच्याशी बोलले, दादांशी बोलले. यांनी सही केली. मले तीन महिन्यांनी कळलं, पाळी कायले येत नाही म्हून मी विचारलं तवा."

सतरा वर्षांत हे ती कधीच बोलली नव्हती. मी तिला म्हटलं, काढली नसती तर तू वाचली नसतीस. ती म्हणाली, "हो. मी होच म्हटलं असतं. पन मी म्हटलं असतं."

२१ एप्रिल

जळगावला जाऊन डॉक्टरांना भेटले. अक्का बाहेर बाकावर बसली. मी बोलत असताना डॉक्टर तबस्सुमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ घातला नाही. म्हणाल्या, रिपोर्ट न बघता पुढे जाऊ द्यायला नको होतं मी. मग म्हणाल्या, हा तुझ्यावर झालेला अन्याय आहे, तुला तक्रार करायची असेल तर मी लिहून देईन. ठेवायचं असेल तर तसं, नसेल तर तसं, दोन्हींत मी आहे. कायद्याने तुझी एकटीची सही पुरते, आणखी कुणाची लागत नाही.

मग त्यांनी विचारलं, "तुला काय हवं आहे?"

त्या थांबून राहिल्या. बाहेर पेशंट होते, तरी थांबून राहिल्या. शेवटी मी म्हटलं, थोडे दिवस द्या.

२३ एप्रिल

सकाळी उठले की मी विसरलेली असते. पोटावर हात जातो, हसू येतं. मग आठवतं.

पोटातल्या त्याच्याशी मी बोलते कधीकधी. तुझी काही चूक नाही, म्हणते. मग मला वाटतं हे वाक्य मी आधी कुणाकडून तरी ऐकलंय आणि त्या माणसाला तेव्हा सगळं माहीत होतं.

ठेवलं तर? ते भूषणसारखं हसेल. हितेंद्र त्याला खांद्यावर घेईल. सासूबाई दृष्ट काढतील. सगळं त्यांनी ठरवलं होतं तसं होईल, आणि मी त्यात डबीसारखी असेन, रुमालात गुंडाळून एकीकडून दुसरीकडे नेलेली. घरातल्या आम्हा चौघांना माहीत आणि त्याला माहीत नाही. मग एक दिवस स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून कुणीतरी त्याला सांगेल.

अक्का सध्या माडीवरची खोली धुतेय. जुने पेटारे काढले, भिंतीला चुना दिला. मी म्हटलं, कशाला एवढा खटाटोप. म्हणाली, असंच. दुपारी मध्येच विचारते, "पोरगी व्हईन का पोरगा, काय वाटते तुले?" आणि लगेच उठून विहिरीवर जाते. मला बोलतं ठेवायला काहीतरी विचारत असावी.

२५ एप्रिल

ठरलं. अक्काला सांगितलं, मी नाही ठेवणार.

ती खिडकीशी होती. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "मी येते संगं."

२६ एप्रिल

सही मी केली. फक्त माझी. नाव लिहिताना अक्षर चांगलं आलं.

आज पहिली गोळी. घरी आलो तेव्हा अक्काने बसमध्ये धरलेला हात उंबऱ्यापर्यंत सोडला नव्हता.

२८ एप्रिल

दुखलं. खूप दुखलं, आणि खूप गेलं. मी न्हाणीघरात भिंतीला धरून होते, अक्का दाराबाहेर बसून दर थोड्या वेळाने नाव घ्यायची, मी ओ द्यायचे.

रडले. ते आठवून रडले जे आठ तारखेपासून बारा तारखेपर्यंत होतं. तेवढे चार दिवस मी आई होते आणि मला नवरा होता.

पण एक सांगते, डॉक्टरांना दाखवायची नसली तरी ही वही त्यांच्यासाठीच आहे म्हणून सांगते. घाबरले नाही. भीती कुठे आहे म्हणून शोधली, छातीत, पोटात, मांड्यांत. नव्हती.

दुपारी उठून बघते तर अक्का परसात धुतलेल्याच चादरी पुन्हा धूत होती. हाक मारली तर वळली नाही.

३० एप्रिल

आखाजी. गल्लीत झोके बांधलेत, माहेरवाशिणी गातायत. आईने पुरणाचे मांडे पाठवले. आईला काल सगळं सांगितलं. ती म्हणाली, आधी मला सांगायचंस, मग म्हणाली, मी तरी काय केलं असतं.

भूषणचा मेसेज आला. त्या मुलीला त्याने स्वतः जाऊन खरं सांगितलं. ती म्हणाली, विचार करून कळवते. शेवटी लिहिलं होतं, वहिनी, माफी मागायची माझी हिंमत नाही. मी उत्तर दिलं, तुलाही फसवलं, माहीत आहे मला. एवढंच. त्याचं तोंड बघायला मला वेळ लागेल, कदाचित कधीच जमणार नाही.

४ मे

माडीवरची खोली अक्काने मला दिली. खुर्ची आणि आरसा जळगावहून टेम्पोत आला. आरशाचा खिळा तिने स्वतः ठोकला. आज सावद्याच्या तीन बायका आल्या, दोन भुवया आणि एक फेशियल. तक्रार करायची का, याचा विचार अजून चालू आहे. एका वकील बाईंचा नंबर डॉक्टरांनी दिलाय. उद्या फोन करीन.

९ मे

हितेंद्र आला.

अक्का त्याला खालूनच परत पाठवणार होती, मी म्हटलं येऊ दे. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वर-खाली लावलेली. बाकावर बसला, बायका नंबर लावून बसतात तिथे. सांगत होता, आईशी बोलणं बंद केलंय, गावातल्या चार माणसांना बोलावून सांगितलं की दोष माझ्यात होता, तिच्यात नव्हता. मी म्हटलं, चांगलं केलंत. खरंच चांगलं केलं. पण मी वाट बघत होते, की ऐकून मला काही होईल, आणि काही झालं नाही.

मग त्याने माझ्या रिकाम्या पोटाकडे पाहिलं. त्याला कळलेलं होतं.

म्हणाला, घरी चल. मी नाही म्हटलं. म्हणाला, वेळ घे. मी म्हटलं, वेळ घेऊनच नाही म्हणतेय, वकील बाईंशी बोलणं झालंय.

तो हातातली चावी फिरवत राहिला. मग म्हणाला, "मी काय करायला हवं होतं, कामिनी? खरं सांगितलं असतं, तर तू हो म्हणाली असतीस का?"

मला वाटलं होतं या प्रश्नावर मी ओरडेन. पण मी विचार केला, नीट, पहिल्यांदाच. जानेवारीतली ती संध्याकाळ डोळ्यांसमोर आणली, तो नाशिकहून येतोय, माझ्याजवळ बसून सांगतोय, एकही नाही म्हणाला गं तो. मी काय केलं असतं? मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं असतं. मग आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो असतो, दवाखान्यातून अनोळखी माणसाचं घेतलं असतं, दोघांनी ठरवून. मला भीती वाटली असती आणि तो हात धरून बसला असता.

"हो," मी म्हटलं. "मी हो म्हटलं असतं."

हे मी त्याला दुखवायला म्हटलं नाही. ते खरं होतं म्हणून म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मी खोटं बोलतेय अशी त्याची आशा असावी. मग उठला. माडीच्या पायऱ्या उंच आहेत, सगळेच जपून उतरतात, पण तो दोन्ही हातांनी कठडा धरून उतरला, एकेक पायरीवर थांबत, म्हाताऱ्या माणसासारखा.

खाली थांबलेल्या गिऱ्हाईक बाईने आवाज दिला, ताई, नंबर आला का माझा. मी म्हटलं, या.